किरणांनी तुटलेले कोण सांधते? पेशीतील सूक्ष्म आरएनए आणि किरणोपचाराचे वेळापत्रक

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला कर्करोगाचे निदान होते आणि डॉक्टर 'रेडिएशन घ्यावे लागेल' असे सांगतात, तेव्हा घरात ठरावीक प्रश्न उभे राहतात. या वयात हे सोसेल का? किरणांनी रोगट पेशी नष्ट होतील, पण चांगल्या पेशींचे काय? आणि सहा-सात आठवडे, तीस-पस्तीस वेळा रुग्णालयात कशासाठी जायचे? जो डोस द्यायचा तो एकदाच का देत नाहीत? पहिल्या दोन प्रश्नांविषयी नातेवाईक डॉक्टरांशी बोलतात. तिसरा प्रश्न मात्र बहुधा मनातच राहतो. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंड सोलवटते, घास गिळवत नाही, रोजच्या प्रवासाने रुग्ण आणि त्याच्यासोबत जाणारी व्यक्ती दोघेही थकून जातात, आणि 'बरेचसे झालेच आहे, आता पुरे' असे म्हणून काही घरांत उपचार मध्येच सोडला जातो.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या आत दडलेले आहे. किरणांमुळे डीएनए तुटतो, हे आपण ऐकलेले असते. तुटलेला डीएनए सांधणारी एक दक्ष यंत्रणा प्रत्येक पेशीत असते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या यंत्रणेतील एका महत्त्वाच्या घटकाची ओळख शास्त्रज्ञांना गेल्या काही दशकांतच पटली. तो घटक म्हणजे अगदी लहान, स्वतः कोणतेही प्रथिन न बनवणारे आरएनए. त्यांचे काम समजून घेतले, तर रोजच्या रेडिएशनमागील तर्कही समजतो आणि ते पुरे करण्याचे महत्त्वही पटते.

किरण पेशीत काय करतात?

आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे गुंडाळून ठेवलेले असतात. एका पेशीतील सर्व डीएनए सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. हा धागा दुपदरी असतो, पीळ दिलेल्या दोरीसारखा. शरीर चालवण्याच्या सगळ्या सूचना त्यावर रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात.

क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीतून जातात तेव्हा ते कधी थेट या धाग्यावर आघात करतात, तर बहुतेक वेळा धाग्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना फोडतात. पाण्यातून निघालेले अतिक्रियाशील कण मग डीएनएला इजा करतात. इजा अनेक प्रकारची असते. एखादे अक्षर बिघडते, एक पदर तुटतो किंवा समोरासमोरचे दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटतात. एक पदर तुटला, तर शाबूत राहिलेल्या दुसऱ्या पदराकडे पाहून दुरुस्ती करता येते. दोन्ही पदर तुटले, तर धाग्याची दोन टोके सुटी होतात. पेशीसाठी ही सर्वांत धोक्याची इजा.

शरीराच्या ऊतींनी शोषलेल्या किरणांचे मोजमाप 'ग्रे' या एककात करतात. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक आले. १ ग्रे डोस मिळाला, की एका पेशीत सुमारे १,००० ठिकाणी एक पदर तुटतो आणि सुमारे ४० ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. नेहमीच्या किरणोपचारात एका वेळेला साधारण २ ग्रे देतात. म्हणजे उपचाराच्या जागेतील प्रत्येक पेशीत रोज सुमारे ८० दुहेरी तुटी होतात.

हा आकडा पाहून घाबरून जाऊ नये. यातील बहुतेक तुटी निरोगी पेशी काही तासांतच सांधते आणि दुसऱ्या दिवशीच्या उपचारापर्यंत तिचे बरेचसे काम उरकलेले असते. किरण नसतानाही, केवळ श्वासोच्छ्वास आणि चयापचय यांमुळे, आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएला रोज हजारो लहान इजा होत असतात आणि त्या भरूनही निघत असतात. दुरुस्ती हे पेशीचे नित्यकर्म आहे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. तपासणीसाठी काढलेला एक्स-रे आणि उपचारासाठी दिलेले रेडिएशन यांत फार मोठा फरक आहे. निसर्गातून, म्हणजे माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या किरणांपासून, जगात सरासरी एका माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट इतका डोस मिळतो. छातीच्या एका एक्स-रेमध्ये फार तर ०.१ मिलिसीव्हर्ट, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट मिळतो. उपचारातील डोस याच्या कित्येक पट मोठा असला, तरी तो शरीराच्या नेमक्या भागापुरता मर्यादित ठेवलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी किरणांच्या भीतीने टाळू नये.

दुरुस्तीची हाक

डीएनए तुटला, की पेशीत काही मिनिटांतच धावपळ सुरू होते. 'एटीएम' नावाचे प्रथिन सर्वांत आधी जागे होणाऱ्यांपैकी एक. बँकेच्या यंत्राशी या नावाचा काही संबंध नाही. हे प्रथिन तुटीच्या आसपास 'एच२एएक्स' नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर खूण करते. रस्ता खचला, की आधी तेथे लाल फडके लावतात, तशीच ही खूण. ती पाहून दुरुस्ती करणारी प्रथिने तेथे जमतात.

त्याच वेळी 'पी५३' नावाचे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते. तुटलेल्या धाग्याची नक्कल पुढच्या पेशीत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. मग तीन शक्यता असतात. दुरुस्ती झाली, तर पेशी पुन्हा कामाला लागते. इजा फार असेल, तर पेशी स्वतःचा शांतपणे अंत करून घेते. किंवा ती जिवंत राहते, पण पुन्हा कधीही विभाजित होत नाही. दुरुस्ती, विराम की अंत, हा निर्णय प्रथिनेच घेतात, असे १९९०च्या दशकापर्यंत मानले जाई.

लहान आरएनए म्हणजे काय?

शाळेत आपण शिकलो, की डीएनएवरील सूचनेची एक प्रत आरएनएच्या रूपाने निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनते. या प्रतीला संदेशवाहक आरएनए म्हणतात. परंतु माणसाच्या डीएनएचा जेमतेम २ टक्के भाग प्रथिनांच्या सूचनांचा आहे. उरलेल्यापैकी बराच भाग निरुपयोगी असावा, असे एकेकाळी वाटत असे.

१९९३ मध्ये व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी, आपापल्या प्रयोगशाळांत काम करताना, या समजाला तडा दिला. जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या एका जंतावर ते संशोधन करत होते. त्यांना अवघ्या २२ अक्षरांचा एक आरएनए सापडला. त्याच्यापासून कोणतेही प्रथिन बनत नव्हते. तो दुसऱ्या एका संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचे काम थोपवत होता. ही त्या जंतापुरती गंमत असावी, असे अनेकांना वाटले. पण २००० मध्ये रुव्हकुन यांना 'लेट-७' नावाचा दुसरा लहान आरएनए सापडला आणि तो माशांपासून माणसापर्यंत असंख्य प्राण्यांत आहे, असे दिसून आले. यांनाच 'मायक्रो-आरएनए' म्हणतात. या शोधासाठी अॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यांचे काम समजायला स्वयंपाकघराचे उदाहरण पुरेसे आहे. चूल पेटलेली आहे आणि पातेल्यात दूध आहे. आच किती ठेवायची, हे दूध किंवा पातेले ठरवत नाही. ते शेगडीचे बटण ठरवते. मायक्रो-आरएनए हे असे बटण आहे. एखादे प्रथिन बनणे पूर्णपणे बंद करण्यापेक्षा ते कमी-जास्त करणे, हे त्याचे मुख्य काम. एकच मायक्रो-आरएनए अनेक, कधी शेकडो, संदेशांवर ताबा ठेवू शकतो. 'ड्रोशा' आणि 'डायसर' ही दोन प्रथिने लांब आरएनए कातरून असे लहान तुकडे तयार करतात. ही दोन्ही नावे पुढे पुन्हा येतील.

तुटीच्या ठिकाणी यांचे काम

किरणांचा मारा झाला, की पेशीतील अनेक मायक्रो-आरएनएंचे प्रमाण बदलते. काही वाढतात, काही घटतात. त्यांतील तीन उदाहरणे पाहू.

पहिले 'मिर-३४' चे. २००७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिले, की पी५३ जागे झाले की ते मिर-३४ चे उत्पादन वाढवते. मिर-३४ मग पेशीविभाजन पुढे रेटणाऱ्या आणि पेशीचा अंत रोखून धरणाऱ्या प्रथिनांची आच कमी करतो. म्हणजे पी५३ ने 'थांबा' म्हटल्यावर ते अमलात आणणाऱ्यांपैकी मिर-३४ हा एक आहे. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३ बिघडलेले असते. अशा पेशींत हा हुकूम नीट पाळला जात नाही.

दुसरे उदाहरण 'मिर-४२१' चे. हा एटीएम प्रथिनाचे प्रमाण कमी करतो. तो जास्त झाला, की तुटीची पहिली हाकच क्षीण होते आणि पेशी किरणांपुढे लवकर हार पत्करते. २०१० मध्ये हे दाखवले गेले.

तिसरे 'मिर-२४' चे. पूर्ण वाढ होऊन विभाजन थांबवलेल्या रक्तपेशींत तो वाढलेला असतो. तो एच२एएक्स कमी करतो, म्हणजे लाल फडकीच कमी पडतात आणि त्या पेशींची दुरुस्ती करण्याची क्षमता घटते. २००९ मधील या संशोधनातून दिसले, की एकाच शरीरातील निरनिराळ्या पेशींची दुरुस्तीची ताकद सारखी नसते आणि ती ठरवण्यात लहान आरएनएंचा वाटा असतो.

या तिन्ही उदाहरणांत लहान आरएनए दुरून आच कमी-जास्त करत होते. २०१२ मध्ये इटलीतील मिलान येथे फॅब्रिझियो द'अद्दा दी फागान्या यांच्या गटाने आणखी एक नवल दाखवले. डीएनए तुटलेल्या पेशींतील आरएनए त्यांनी एका विकराच्या साहाय्याने नष्ट केले. डीएनएच्या तुटी तशाच राहिल्या, पण तेथे जमलेली दुरुस्तीची काही प्रथिने विखुरली. मग त्यांनी त्याच पेशींत लहान आरएनए परत घातले. प्रथिने पुन्हा त्या जागी गोळा झाली. हे लहान आरएनए ड्रोशा आणि डायसर यांनी कातरलेले होते आणि त्यांची अक्षरे तुटलेल्या जागेच्या अक्षरांशी जुळत होती. जणू तुटलेल्या जागेचा पत्ता त्यांच्यावर लिहिलेला होता. त्याच वर्षी मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीतही तुटीच्या जागी असेच लहान आरएनए तयार होतात, असे आढळले. वनस्पती आणि प्राणी या दोहोंत ही युक्ती दिसते, यावरून ती किती मूलभूत आहे याची कल्पना येते.

थोडे थोडे का देतात?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. डॉक्टरांना लहान आरएनएंविषयी काही ठाऊक नव्हते, त्या काळातही डोस विभागून देण्याची पद्धत सापडली होती. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच वेळी मोठा डोस दिला, तर वरची त्वचा जळे आणि तरीही हवा तो परिणाम होत नसे. तोच डोस विभागून अनेक दिवसांत दिला, की परिणाम साधे आणि त्वचा टिके. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी घशाच्या कर्करोगासाठी ही पद्धत वापरली. आजच्या किरणोपचाराचा पाया तोच आहे.

त्यामागचे कारण आज आपल्याला अधिक नेमके सांगता येते. निरोगी पेशीत दुरुस्तीची साखळी शाबूत असते. एटीएम हाक देते, पी५३ थांबवते, लहान आरएनए आच सांभाळतात आणि रात्रीतून बरीचशी डागडुजी होते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत या साखळीची एखादी कडी निखळलेली असते. त्या थांबायला हवे तेथे थांबत नाहीत आणि तुटका धागा घेऊन विभाजनाकडे जातात. एका दिवसाचा फरक लहान असतो. पण तोच फरक तीस वेळा साठत गेला, की निरोगी ऊती तग धरतात आणि गाठ नष्ट होत जाते. शिवाय प्रत्येक दिवशी गाठीतील काही पेशी किरणांना अधिक बळी पडणाऱ्या अवस्थेत असतात, तर काही नसतात. आज निसटलेल्या पेशी उद्या सापडतात.

याचा अर्थ प्रत्येक रुग्णाला तीस दिवस लागतात, असा नाही. हाडात पसरलेल्या कर्करोगाचे दुखणे कमी करायचे असेल, तर ८ ग्रेचा एकच डोस पुष्कळदा पुरतो. स्तनाच्या कर्करोगात आता अनेक ठिकाणी पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत उपचार पूर्ण करतात. अतिशय अचूक नेम साधता येत असेल, तर काही गाठींना मोजकेच मोठे डोस देता येतात. वेळापत्रक गाठीचा प्रकार, जागा आणि उपचाराचा हेतू पाहून ठरते. एकदा ठरले, की ते पाळण्यात उपचाराचे निम्मे यश असते.

मध्येच थांबणे धोक्याचे का, तेही येथेच कळते. तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या कर्करोगात साधारण चार आठवड्यांनंतर उरलेल्या रोगट पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. म्हणजे रुग्ण जेव्हा सर्वांत थकलेला असतो, नेमका तेव्हाच खंड सर्वांत महाग पडतो. या कर्करोगांत उपचार जितके दिवस लांबतो, त्या दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे १ टक्क्याने कमी होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण करण्यावर डॉक्टरांचा भर असतो, तो याचसाठी. शनिवार-रविवारची सुट्टी वेळापत्रकात आधीच धरलेली असते. तिची काळजी नको.

शेजारच्या पेशी आणि शेजारची माणसे

किरण ज्या पेशींवर पडलेच नाहीत, अशा शेजारच्या पेशींतही कधी कधी इजेची लक्षणे दिसतात. १९९२ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर हे दाखवले गेले. किरण अवघ्या १ टक्का पेशींच्या केंद्रकातून गेले होते, पण बदल सुमारे ३० टक्के पेशींत दिसले. इजा झालेली पेशी शेजाऱ्यांना काही निरोप पाठवते, हे उघड होते. हे निरोप नेणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे पेशींतून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म बुडबुडे. त्यांत लहान आरएनए असतात. बुडबुड्यांतील आरएनए नष्ट केले, की हा परिणाम कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

हा निरोप पेशीकडून पेशीकडे जातो. तो माणसाकडून माणसाकडे जात नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की रेडिएशन घेणाऱ्या आजी-आजोबांपासून नातवंडांना दूर ठेवणारी घरे आजही आहेत. बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. रुग्णाच्या शरीरात काही साठत नाही. त्याच्या शेजारी बसणे, त्याने नातवंडांना मांडीवर घेणे, एकाच ताटात जेवणे, यांत किरणांचा काहीही धोका नाही. थायरॉइडसाठी दिलेले किरणोत्सारी आयोडीन किंवा शरीरात कायमचे बसवलेले किरणोत्सारी बीज हे अपवाद आहेत. अशा वेळी काही काळ अंतर ठेवावे लागते आणि रुग्णालय तशा स्पष्ट सूचना देते. त्या काटेकोरपणे पाळाव्यात.

तपासणी आणि औषध: आज कोठवर?

मायक्रो-आरएनए रक्तातही सापडतात. त्यामुळे शरीराला किरणांची किती इजा झाली, हे रक्ताच्या थेंबावरून कळेल का, याचा शोध सुरू आहे. 'मिर-१५०' हा आरएनए पांढऱ्या पेशींच्या एका गटात, लिम्फोसाइट पेशींत, भरपूर असतो. या पेशी किरणांपुढे फार नाजूक असतात. २०१५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात, किरण दिल्यानंतर २४ तासांनी घेतलेल्या रक्तातील काही मायक्रो-आरएनए पाहून कोणता उंदीर वाचेल, याचा अंदाज बांधता आला. अणुअपघाताच्या वेळी अशी तपासणी फार उपयोगी पडेल. परंतु रुग्णाला रेडिएशन द्यावे की नाही, किती द्यावे, हे आज कोणत्याही मायक्रो-आरएनए तपासणीवरून ठरत नाही. अशी तपासणी कोणी महागात विकत असेल, तर आधी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

औषधांची कथाही संयम शिकवणारी आहे. मिर-३४ कर्करोगाला आवर घालतो, मग तोच औषध म्हणून का देऊ नये, या विचारातून २०१३ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. काही रुग्णांत गाठी आकसल्या. पण रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणाम झाले, काही रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. जो आरएनए शेकडो संदेशांवर ताबा ठेवतो, तो सगळ्या शरीरात ओतणे सोपे नाही, हा धडा त्यातून मिळाला. दुसरीकडे, लहान आरएनएंच्या दुसऱ्या प्रकारावर आधारलेली औषधे वापरात आलीही आहेत. कोलेस्टेरॉल कमी करणारे, वर्षातून दोनदा टोचायचे 'इन्क्लिसिरॅन' हे त्यांपैकी एक. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते एकाच संदेशावर नेम धरते आणि यकृतापुरतेच काम करते. डीएनएला ते हातही लावत नाही.

'डीएनए दुरुस्त करणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, चूर्णे आणि रस यांविषयी विशेष सावध राहावे. किरण गाठीला मारतात ते बऱ्याच अंशी अतिक्रियाशील कणांच्या मदतीने. अँटिऑक्सिडंट गोळ्या हेच कण शोषून घेतात. कॅनडात ५४० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रेडिएशनच्या काळात ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन यांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना त्रास कमी झाला, पण रोग त्याच जागी परत येण्याकडे कल दिसला. रोजच्या जेवणातील फळे, भाज्या, आवळा, लिंबू यांविषयी हे सांगितलेले नाही. ते जरूर खावेत. प्रश्न एकवटलेल्या मात्रांच्या गोळ्यांचा आहे.

वय आड येते का?

वयोमानानुसार दुरुस्तीची गती काहीशी मंदावते, हे खरे. तरी केवळ वय पाहून किरणोपचार नाकारणे योग्य नाही. ८० वर्षांच्या, रोज फिरायला जाणाऱ्या, नीट जेवणाऱ्या आजोबांना उपचार उत्तम सोसू शकतो, तर अनेक व्याधींनी खंगलेल्या साठीच्या रुग्णाला तोच जड जाऊ शकतो. डॉक्टरांना रुग्णाचे वजन, चालण्याची ताकद, स्मरणशक्ती, मधुमेह, हृदयविकार आणि चालू असलेली सगळी औषधे यांची माहिती द्या. त्यावरून लहान वेळापत्रक निवडता येते. आणि रुग्ण शुद्धीवर व समंजस असेल, तर निर्णयात त्याला अवश्य सामील करून घ्या. त्याच्यापासून आजाराचे नाव लपवून तीस दिवस रुग्णालयात नेणे, यात त्याचा सन्मानही नाही आणि सोयही नाही.

कुटुंबाने काय करावे?

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे: उपचाराचा हेतू रोग बरा करण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा? एकूण किती वेळा यावे लागेल? कमी दिवसांचा पर्याय आहे का? यंत्र बंद पडले किंवा सणाची सुट्टी आली, तर तो दिवस कसा भरून काढणार?

सोबत जाण्याची पाळी घरातील दोन-तीन जणांत आधीच वाटून घ्यावी. एकट्या सुनेवर किंवा एकट्या वृद्ध जोडीदारावर सहा आठवड्यांचा भार टाकू नये. गाव लांब असेल, तर राहण्याची व्यवस्था सुरुवातीलाच पाहावी. मोठ्या कर्करोग रुग्णालयांतील समाजसेवा विभाग यात मदत करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे, त्याविषयीही तेथेच चौकशी करावी.

तंबाखू, विडी, मिश्री, तपकीर उपचाराच्या काळात पूर्णपणे बंद असावी. धूम्रपानामुळे ऊतींना प्राणवायू कमी मिळतो, किरणांचा परिणाम घटतो आणि तोंडाच्या जखमाही भरत नाहीत.

तोंड किंवा घशाचा उपचार असेल, तर सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. मऊ भात, खिमट, नाचणीची आंबील, वरणाचे घट्ट पाणी, अंडे, दही असे गिळायला सोपे आणि ताकद देणारे अन्न थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे. आठवड्याला वजन लिहून ठेवावे. ते उतरू लागले, की लगेच सांगावे. गिळता येत नाही म्हणून काही काळ नळीने अन्न द्यावे लागले, तर त्यात कमीपणा मानू नये. उपचार न थांबता पूर्ण व्हावा, यासाठीच ती सोय असते.

किरण दिलेल्या त्वचेवर हळद, तेल, बाम किंवा घरगुती लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. साधे कोमट पाणी, सुती सैल कपडे आणि उन्हापासून आडोसा एवढे पुरेसे आहे. त्वचेवर केलेल्या खुणा पुसू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, त्रास वाढला म्हणून घरी बसू नये. त्रासासह रुग्णालयात जावे. वेदनाशामक, मलम, सलाईन, आहारातील बदल असे अनेक उपाय असतात. दिवस वगळायचा की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा असू द्या.

यंत्राखाली रुग्ण काही मिनिटेच असतो. खरे काम पुढच्या २४ तासांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींत चालते. निरोगी पेशी सांधत असतात, रोगट पेशी चुकत असतात आणि २२ अक्षरांचे लहान आरएनए दोन्हीकडची आच सांभाळत असतात. त्या कामात आपण हात घालू शकत नाही. ते पुरे होईपर्यंत रुग्णाला पोटभर अन्न, स्वच्छ तोंड, पुरेशी झोप आणि ठरलेल्या वेळी रुग्णालयात नेणारा एक हात मिळेल, एवढे मात्र आपण नक्की पाहू शकतो.